दोन स्थानके, मध्ये हुगळी

२२ ऑगस्ट २०२५ रोजी कोलकाता मेट्रोचा एस्प्लनेड ते सियालदह हा टप्पा खुला झाला आणि हावडा व सियालदह ही दोन मोठी रेल्वे स्थानके भुयारी मार्गाने जोडली गेली. हा प्रश्न मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५४ मध्ये हावड्याहून आगगाडी सुरू झाली, ती हुगळीच्या पश्चिम तीरावरून. पूर्व बंगालची गाडी १८६२ पासून सियालदहहून सुटू लागली. मध्ये नदी आणि अख्खे शहर. म्हणून २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम धावली. भारतातील ही पहिलीच ट्राम. घाटापुढे नदी होतीच. पुरेसे उतारू न मिळाल्याने नोव्हेंबरातच ती बंद पडली. १८७४ मध्ये तरता पूल झाला, पण जहाजांना वाट देण्यासाठी तो उघडावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही तीरांवर गाड्या, बैल, माणसे खोळंबत. विजेची ट्राम १९०२ मध्ये आली, आजचा हावडा पूल १९४३ मध्ये. नदीखालून रेल्वे नेण्याचा आराखडा लंडनच्या भुयारी रेल्वेचे अभियंते हार्ली डॅलरिंपल-हे यांनी १९२१ मध्येच मांडला होता; तो कागदावरच राहिला.

१९८४ मध्ये देशातील पहिली मेट्रो याच शहरात धावली, तीही उत्तर-दक्षिण. तिच्यासाठी रस्ते वरून खणून पुन्हा बुजवले गेले. नदीखाली ही रीत निरुपयोगी. तेथे यंत्राने भुयार कोरावे लागले. नदीपात्राखालचा सुमारे ५२० मीटरचा भाग २०१७ मध्ये विनाविघ्न पार पडला.

घात झाला तो जमिनीवर. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजारात यंत्र भूजलाच्या थराला भिडले, पाणी व गाळ भुयारात घुसला, वरची माती खचली आणि जुनी घरे तडकली, काही कोसळली. कित्येक कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. २०२२ मध्ये पुन्हा दोनदा तडे गेले. नदीखालच्या बोगद्याचे कौतुक योग्यच, पण या मार्गाची खरी किंमत नदीने नव्हे, त्या गल्ल्यांनी मोजली.

आणि ट्राम? हावडा पुलावरची १९९३ मध्येच थांबली. २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढाच मार्ग वारसा म्हणून ठेवण्याचे जाहीर केले.