नई तालीमची पहिली शाळा

वर्धा शहरांतील मारवाडी शिक्षण मंडळाचें विद्यालय पुढें नवभारत विद्यालय ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. १९३७ सालीं त्याचा रौप्यमहोत्सव व्हावयाचा होता. असे उत्सव बहुधा भाषणांवर व बक्षीस-समारंभावर आटोपतात. येथें मात्र त्या निमित्तानें २२ व २३ ऑक्टोबर रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, आणि जिल्ह्याच्या गांवच्या एका हायस्कुलांतून साऱ्या देशापुढें नवी योजना ठेवली गेली.

परिषदेपुढील प्रश्न जसा शिक्षणाचा तसा पैशाचाही होता. त्याच वर्षीं अनेक प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें अधिकारावर आलीं होतीं. दारूबंदी करावी तर अबकारीचें उत्पन्न बुडे, आणि शाळांचा खर्च तर त्याच तिजोरींतून व्हावयाचा. बापानें दारू प्यावी म्हणजे मुलानें शिकावें, हा व्यवहार गांधीजींस लाजिरवाणा वाटे. म्हणून शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोंवतीं गुंफावें व मुलांच्या कामांतून शिक्षकाचें वेतन निघावें, असें त्यांनीं सुचविलें.

जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन ह्यांनीं त्याच सभेंत इशारा दिला. मिळकतीवरच भर राहिला तर शिक्षकाचा मुकादम होईल व गरिबांचीं मुलें राबविलीं जातील, ही त्यांची भीति होती. विशेष हें कीं, योजना आंखणाऱ्या समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडेच सोंपविण्यांत आलें. समितीनें सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं मोफत, सक्तीचें व मातृभाषेंतून शिक्षण सुचविलें. शाळेच्या साडेपांच तासांपैकीं ३ तास २० मिनिटें उद्योगास दिलीं होतीं. हीच 'वर्धा योजना'. फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा काँग्रेसनें तिचें तत्त्व मान्य केलें.

प्रयोग मात्र शहरांत न होतां जवळच्या सेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामांत, रुजला. शांतिनिकेतनांतून आलेले आर्यनायकम् व आशादेवी हें दांपत्य हिंदुस्थानी तालीमी संघाचा आधार झालें. टकळीवरचें सूत मोजतां मोजतां गणित, कापसाच्या बोंडावरून शेतीचें व व्यापाराचें ज्ञान, सफाईंतून आरोग्य, अशी तेथील रीत होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारांनीं पुष्कळ शाळांवर 'बेसिक'ची पाटी लावली. परंतु परीक्षा जुनीच राहिली आणि नोकरीही त्याच परीक्षेवर मिळत राहिली. आपल्या मुलाचा हात कामांत तरबेज झाला, ह्याचा दाखला पालकांनीं कोठें दाखवावयाचा? १९६४-६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालांत 'कार्यानुभव' हा शब्द पुढें आला व मूळ योजना मागें पडली. १९६७ सालीं आर्यनायकम् निवर्तले. त्यानंतरच्या दशकांत सेवाग्रामची शाळाही बंद पडली.

झाकीर हुसेन ह्यांची भीति एका दिशेची होती, संकट आलें दुसऱ्याच दिशेनें. श्रमाचा अतिरेक झाला म्हणून ही शाळा मिटली नाहीं. श्रमाची थोरवी गाणाऱ्या समाजानें आपल्या मुलांसाठीं ती थोरवी खरी मानली नाहीं, म्हणून ती एकटी पडली. २००५ सालीं 'आनंद निकेतन' ह्या नांवानें तिचीं दारें पुन्हां उघडलीं. दारें उघडणें तिच्या चालकांच्या हातीं होतें. दाखल्याचें मोल ठरविणें त्यांच्या हातीं कधींच नव्हतें.