लिनक्सवर सीडी-डीव्हीडी बर्न होत नाहीये? या क्रमाने तपासा

सीडी-डीव्हीडी आता कोण वापरतं, असं तुम्ही म्हणाल. पण घरातल्या लग्नाचा व्हिडिओ मामांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर दाखवायचा असतो, जुन्या कॉम्प्युटरवर नवीन लिनक्स टाकायचं असतं, किंवा फोनमधले हजारो फोटो जागा रिकामी करण्याआधी कुठेतरी उतरवून ठेवायचे असतात. अशा वेळी बर्निंग ९० टक्क्यांवर अडकलं की डोकं फिरतं. मी रोज लिनक्सवरच काम करतो, त्यामुळे मित्रमंडळींचे असे फोन मला नेहमी येतात. त्यांना जो क्रम सांगतो तोच इथे देतोय.

एक गोष्ट आधी सांगतो. डिस्क तपासून झाल्याशिवाय फोनमधले मूळ फोटो-व्हिडिओ डिलीट करू नका. 'बर्न झालं' असा मेसेज आला म्हणजे सगळा डेटा नीट लिहिला गेला असं नाही.

कमांडची नावं इथे मराठी अक्षरांत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायची.

१. ड्राइव्ह दिसतोय का?

टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के ही कमांड द्या. यादीत 'एसआर०' दिसलं म्हणजे लिनक्सने ड्राइव्ह ओळखला. त्याचा पूर्ण पत्ता म्हणजे 'डेव्ह' फोल्डरमधलं 'एसआर०'. तो दिसत नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, आधी केबल बघा.

यूएसबीवरचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर संशय सर्वात आधी विजेवर घ्या. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क वाचायला तेवढं पुरतं, पण लिहिताना लेसरला जास्त ताकद लागते. त्यामुळे वाचन व्यवस्थित, आणि बर्न मात्र मध्येच बंद, असा प्रकार होतो. हब काढून ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरला लावा. दोन यूएसबी टोकं असलेली केबल असेल तर दोन्ही टोकं जोडा.

२. परवानगी आहे का?

'परमिशन डिनाइड' आलं तर 'ग्रुप्स' ही कमांड देऊन बघा. उबुंटू, मिंट, डेबियनवर यादीत 'सीडीरॉम' हा ग्रुप असायला हवा. आर्चवर त्याचं नाव 'ऑप्टिकल' आहे. उबुंटूवर नसेल तर क्रमाने सुडो, अ‍ॅडयूजर, तुमचं यूजरनेम आणि शेवटी सीडीरॉम असं लिहून एंटर मारा. मग लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

'डिव्हाइस बिझी' असा एरर वेगळा. तेव्हा ड्राइव्ह दुसऱ्याच कोणीतरी धरून ठेवलेला असतो. रीराइटेबल डिस्क आत टाकली की फाईल मॅनेजर ती आपोआप उघडतो. तिथे डिस्कवर राइट क्लिक करून 'अनमाउंट' करा. 'इजेक्ट' नको, नाहीतर ट्रेच बाहेर येईल.

३. डिस्कवर मावतंय का?

सीडीवर ७०० एमबी, साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, ड्युअल लेयरवर ८.५ जीबी. पण हे ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट्स. टर्मिनल १०२४ च्या हिशोबाने मोजतं, त्यामुळे तिथे हीच जागा सुमारे ४.३८ जीबी भरते. टर्मिनलमध्ये ४.५ जीबी दिसणारी फाईल साध्या डीव्हीडीवर मावणारच नाही.

एकच फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर आणखी एक अडचण. डिस्कची जुनी आयएसओ ९६६० फाईल सिस्टीम नेहमीच्या सेटिंगमध्ये एवढी मोठी फाईल घेत नाही. केथ्रीबीमध्ये यूडीएफ निवडा किंवा व्हिडिओचे दोन तुकडे करा.

मराठीत फाईलची नावं देत असाल तर हेही लक्षात ठेवा. विंडोजसाठी डिस्कवर जोलिएट नावाची यादी असते, तिच्यात एका नावाला साधारण ६४ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून डोळ्यांना लहान वाटणारं नावही कापलं जातं. नावं आटोपशीर ठेवा.

४. एरर कोड वाचा

केथ्रीबीमध्ये बर्न फसलं की 'डीबगिंग आउटपुट' बघता येतं. त्यात 'एसके' आणि त्यापुढे एक आकडा शोधा. हा आकडा ड्राइव्हने स्वतः पाठवलेला असतो:

- २: ड्राइव्ह तयार नाही किंवा आत डिस्क नाही.
- ३: डिस्कची तक्रार. वाईट किंवा ओरखडे पडलेली डिस्क, नाहीतर लेन्सवर धूळ.
- ४: ड्राइव्हचं हार्डवेअर बिघडलंय.
- ५: मागितलेलं काम ड्राइव्हला किंवा त्या डिस्कला जमत नाही. उदाहरणार्थ, आधीच बंद केलेल्या डिस्कवर परत लिहायला सांगणं.

'पॉवर कॅलिब्रेशन' असा शब्द दिसला तर लेसरला त्या डिस्कसाठी योग्य ताकद ठरवता आली नाही. दुसऱ्या कंपनीची डिस्क घ्या आणि वेग कमी करा. डीव्हीडीला मी ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवतो. कोड सापडला नाही तर सुडो लावून डी-एम-ई-एस-जी ही कमांड द्या, शेवटच्या ओळींत कर्नलचं म्हणणं कळेल.

५. इंजिन बदला

केथ्रीबी हा फक्त दर्शनी भाग आहे. खरं लिहिण्याचं काम मागे सीडीरेकॉर्ड, वोडिम, ग्रोआयएसओएफएस असे छोटे प्रोग्राम करतात. २००६ मध्ये लायसन्सच्या वादातून डेबियनने सीडीरेकॉर्डची वेगळी शाखा काढली, तीच वोडिम. ती बरीच वर्षं कोणी फारशी सांभाळलेली नाही. म्हणून केथ्रीबीत अडलं तर एक्सएफबर्न वापरून बघा. त्याच्या मागे लिबबर्न हे वेगळंच इंजिन आहे. दोन्हीकडे तोच एरर आला तर दोष बहुतेक डिस्कचा किंवा ड्राइव्हचा.

६. बर्न झालं, पण चालत नाही

आयएसओमधून बूट होत नसेल तर डिस्क उघडून बघा. आत एकच आयएसओ फाईल दिसली तर ती नुसती कॉपी झालीये. 'डेटा प्रोजेक्ट' नको, 'बर्न इमेज' हा पर्याय निवडा.

टीव्हीजवळच्या जुन्या प्लेअरवर व्हिडिओ लागत नसेल तर कारण वेगळं. फोनचा एमपी४ त्या प्लेअरला कळत नाही, त्याला एमपीईजी-२ मधली डीव्हीडी-व्हिडिओ लागते. डेव्हेडे हे सॉफ्टवेअर ते रूपांतर करून देतं. आपल्याकडे पॅल निवडायचं, म्हणजे ७२० × ५७६.

७. शेवटची तपासणी

डिस्क बाहेर काढून परत आत टाका, म्हणजे मेमरीतला नाही तर डिस्कवरचाच डेटा वाचला जाईल. आयएसओ असेल तर सी-एम-पी कमांड, मग आयएसओ फाईलचं नाव, मग ड्राइव्हचा पत्ता द्या. 'ईओएफ' येऊन पुढे तुमच्या आयएसओ फाईलचं नाव आलं तर घाबरू नका. इमेज संपेपर्यंत एकही फरक सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'डिफर' आलं तर डिस्क बाद. साधे फोटो असतील तर केथ्रीबीमध्ये बर्न करण्याआधीच 'व्हेरिफाय' वर टिक करा. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण तो वाचवू नका.

आणि तपासणीत पास झालेली डिस्कसुद्धा एकुलती एक प्रत ठेवू नका. ऊन आणि दमट हवा डिस्कला मानवत नाही. आजीचे फोटो असतील तर दुसरी प्रत हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर असू द्या, आणि मगच फोनमधून काढा.