रायफलीची नळी
वस्तु टिकली म्हणजे तिची विद्याही टिकली, असा आमचा समज होता. रायफलीच्या इतिहासानें तो खोटा ठरविला. अठराव्या शतकांत अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांतीं जर्मन कारागीर शिकाऱ्यांसाठीं लांब नळीची रायफल घडवीत. तापविलेली लोखंडी पट्टी सळईभोंवतीं वळवून तिचे कांठ हातोड्यानें सांधावयाचे, पोकळी कोरून सारखी करावयाची आणि आंत हातानें मळसूत्री चर पाडावयाचे. त्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत नेमकी जाई. पुढें कारखान्यांच्या नळ्या आल्या. जुन्या रायफली संग्रहालयांत राहिल्या, घडविणारे हात मात्र दुर्मिळ झाले. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गस्लर यांनीं ती विद्या पुनः साधली. त्यांच्या कामाचा चित्रपट १९६९ सालीं निघाला. विद्येचें खरें संग्रहालय कारागिराचा हातच होय, असें आम्हांस आतां वाटतें.