गुहेतील तेरा वर्षे

ज्या दिवसांत आपली व्याख्यानमाला भरते, साधारण त्याच दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, ज्यू लोकांचा लाग बाओमेर हा सण येतो. वल्हांडण सणात नव्या जवाची पेंढी देवालयात अर्पण करीत. तिचे माप ते ओमेर. तेथून शावुओत सणापर्यंत एकोणपन्नास दिवस मोजावयाचे. हिब्रूत अक्षरेच आकड्यांचे काम करतात : लामेद म्हणजे तीस, गिमेल म्हणजे तीन. तेव्हा तेहतिसावा दिवस तो लाग. हा काळ सुतकासारखा पाळतात. लग्ने होत नाहीत, केस कापीत नाहीत. तेहतिसाव्या दिवशी मात्र बंधन सुटते. होळ्या पेटतात, मुले धनुष्यबाण घेऊन रानात जातात, आणि गॅलिलीतील मेरोन गावी रब्बी शिमोन बार योखाय यांच्या समाधीशी यात्रा लोटते. तीन वर्षांच्या मुलांचे जावळही तेथे काढतात.

सुतक कशाचे? तालमूद सांगतो की, रब्बी अकिवा यांचे चोवीस हजार शिष्य याच दिवसांत मेले, कारण त्यांनी एकमेकांचा मान राखला नाही. काही अभ्यासक यात इ. स. १३२ ते १३५ मधील, रोमविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडातील संहाराची आठवण पाहतात. तसे असेलही. पण चळवळीत उमर गेलेल्या आमच्यासारख्यांना मूळ कारणही पटण्याजोगे वाटते. असो. अकिवांनी पुन्हा पाच शिष्य घेऊन आरंभ केला. त्यांतले एक शिमोन.

त्यांची कथा अशी. येहुदा, योसे आणि शिमोन असे तिघे रब्बी बसले होते. येहुदा म्हणाले, या रोमन लोकांची कामे किती चांगली! बाजार बांधले, पूल बांधले, स्नानगृहे बांधली. योसे गप्प राहिले. शिमोन म्हणाले, त्यांनी जे बांधले ते स्वतःसाठी. बाजार वेश्या बसवायला, स्नानगृहे अंगाचे चोचले पुरवायला आणि पूल जकात उकळायला. साम्राज्याचा हिशेब इतक्या थोड्या शब्दांत मांडलेला आमच्या वाचनात दुसरीकडे नाही. तेथे बसलेल्या एकाने हे बोलणे बाहेर सांगितले आणि ते सरकारच्या कानी गेले. (गेटसभेतले वाक्य साहेबाच्या टेबलावर किती वेळात पोचते, हे आम्हांस ठाऊक आहे.) येहुदांना मान मिळाला, गप्प राहणारे योसे हद्दपार झाले, शिमोन यांना देहदंडाची शिक्षा झाली.

शिमोन व त्यांचा मुलगा एलाझार एका गुहेत लपले. तेथे खर्नुबाचे झाड उगवले, झरा फुटला. कपडे झिजू नयेत म्हणून ते दिवसभर मानेपर्यंत वाळूत बसून अध्ययन करीत व प्रार्थनेपुरते कपडे घालीत. अशी बारा वर्षे गेली. मग एलिया संदेष्टा दाराशी येऊन म्हणाला, बादशहा मेला, हुकूम रद्द झाला. हा एलिया आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचा, आपल्या शनिवार तेल्यांचा, लाडका. त्याच्या नावाने ते मलिद्याचा नवस फेडतात.

बापलेक बाहेर आले तो माणसे नांगरीत होती, पेरीत होती. शाश्वत सोडून हे क्षणिकाच्या मागे लागले! ज्याच्याकडे त्यांनी पाहिले ते जळून गेले. तेव्हा आकाशवाणी झाली : माझे जग नासायला बाहेर आलात काय? परत गुहेत जा. आणखी बारा महिने!

ही जागा वाचताना आम्ही नेहमी थांबतो. एका लांबलेल्या संपात आम्ही कोठडीतून सुटून आलो, तो एक सभासद पेरणीसाठी गावी गेल्याचे कळले. परत आल्यावर भर सभेत आम्ही त्यास जे बोललो, ते आज आठवले तरी मान खाली जाते. त्याच्या घरी ज्वारीचा दाणा नव्हता. तो पुन्हा युनियनच्या दारी आला नाही.

शेती करावी की केवळ ज्ञानसाधना, यावर शिमोन आणि रब्बी इश्माएल यांचा वादही तालमुदात आहे. नांगरणीच्या दिवसांत नांगरले, कापणीच्या दिवसांत कापले, तर विद्येचे काय होणार, असे शिमोन विचारतात. पुढे अबाये नावाचे आचार्य निकाल देतात : इश्माएलप्रमाणे पुष्कळांनी केले, त्यांना साधले, शिमोनप्रमाणे पुष्कळांनी केले, त्यांना साधले नाही.

या दिवसाशी शिमोन यांचे नाव जुळले ते फार मागाहून. झोहर हा गूढविद्येचा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. पण तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला, आणि त्यातला बराच भाग मोझेस दे लेओन याने रचला, असे गेर्शोम शोलेम यांचे संशोधन आहे. अंतकाळी शिमोन यांनी गुपिते उघड केली व घराभोवती अग्नी दाटला, असे झोहरात वर्णन आहे. होळ्यांचा अर्थ त्यातून लावतात. सोळाव्या शतकात साफेदच्या साधकांनी मेरोनची यात्रा वाढवली. या दिवसाला हिलुला म्हणतात, म्हणजे लग्नसोहळा. आपल्याकडे पिराचा उरूस भरतो; त्या शब्दाचाही मूळ अर्थ लग्नच. साधूचे मरण हे मीलन, हा भाव दोन्हीकडे एक आहे. २०२१ साली याच यात्रेत अरुंद उतरणीवर चेंगराचेंगरी होऊन पंचेचाळीस माणसे मेली. श्रद्धेच्या ठिकाणीही जिना आणि वाट कुणीतरी नीट बांधावी लागते.

तेरावे वर्ष संपून बापलेक बाहेर आले. एलाझारची नजर जिथे जखम करी, तिथे शिमोन यांची नजर ती भरून काढी. शुक्रवारच्या तिन्हीसांजा एक म्हातारा मेंदीसारख्या सुवासिक झुडपाच्या दोन जुड्या घेऊन धावताना दिसला. कशाला, असे विचारले. शब्बाथच्या मानासाठी, तो म्हणाला. एक पुरली नसती? एक 'स्मरा' या आज्ञेसाठी, एक 'पाळा' या आज्ञेसाठी. तेव्हा दोघांचे मन निवले.

पुढे जावई पिन्हास बेन याईर यांनी त्यांना न्हाऊ घातले. अंगावरच्या भेगा पाहून ते रडू लागले. नंतर शिमोन यांनी विचारले, इथे दुरुस्त करण्यासारखे काही आहे काय? आधाराला त्यांनी याकोब पूर्वजाचा दाखला घेतला. त्यानेही एका नगराचे भले केले होते. काय केले, यावर आचार्यांत मतभेद आहे. एक म्हणतात नाणे पाडले, दुसरे म्हणतात बाजार बसवले, तिसरे म्हणतात स्नानगृहे बांधली. लोकांनी सांगितले, एक जागा आहे, तिच्याखाली प्रेते असल्याचा संशय आहे, पुरोहितांना वळसा घालून जावे लागते. शिमोन तेथे गेले. जमीन जिथे कठीण लागली ती शुद्ध ठरवली, जिथे भुसभुशीत लागली तिथे खूण केली आणि रस्ता मोकळा केला.