शब्दवेध : जिल्हा परिषद

बीडमध्ये 'झेडपी' म्हटलं की शाळा, दवाखाना, रस्ता, बदली असं सगळंच डोळ्यांपुढे येतं. 'जिल्हा' शब्दाचं मूळ अरबी 'ज़िलअ'. अर्थ बरगडी, बाजू. राज्याच्या देहाची एक बरगडी म्हणजे जिल्हा! मराठवाड्यात त्याला कारभारी रूप मिळालं ते १८६५च्या सुमारास, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्याच्या राज्यात 'जिलाबंदी', म्हणजे जिल्ह्यांची आखणी केली तेव्हा. त्या काळी जिल्ह्याचा प्रमुख होता 'अव्वल तालुकदार', आणि तो वरून नेमलेला असे.

'परिषद' संस्कृत: 'परि' म्हणजे भोवती, 'सद्' म्हणजे बसणं. सदस्य, सदन, संसद, उपनिषद ही याच धातूची भावंडं. बृहदारण्यक उपनिषदात तरुण श्वेतकेतू जातो ती पांचालांची परिषदच.

हे दोन शब्द महाराष्ट्रात कायद्याने जोडले गेले ते १९६१ साली, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गटागटांतून निवडून आलेल्यांनी भोवती बसून ठरवायचं, हा त्यामागचा विचार. मार्च २०२२मध्ये बीडच्या सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. भोवती बसणारेच नसतील तर त्या काळापुरता 'परिषद' हा शब्द रिकामा होतो, आणि हे मला फार खुपतं.

जिल्हा आणि परिषद यांची अशीच जोडी फ्रान्समध्येही दिसते. तिथे जिल्ह्यासारख्या विभागाला 'देपार्तमाँ' म्हणतात. त्याचं मूळ 'वाटणी करणे'. क्रांतीनंतर १७९० साली हे विभाग पाडले गेले. तिथल्या निवडलेल्या मंडळाचं नाव २०१५पर्यंत 'सर्वसाधारण परिषद' होतं, आता 'विभागीय परिषद' आहे. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष, अशी जोडीच निवडून येते.