चौल बंदर व कोरलईची बोली

आपलें सिल्लोड समुद्रापासून दूर. तथापि एका बंदराशीं आपल्या मुलखाचा जुना संबंध आहे. तें बंदर म्हणजे चौल. अहमदनगरच्या निजामशाहीचा दर्यावर्दी व्यापार ज्या बंदरांतून चाले, त्यांत तें प्रमुख होतें. आणि त्याच राज्याच्या मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, वसविली.

अरब प्रवासी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभीं चौलास आला. रशियन व्यापारी निकितीन पंधराव्या शतकांत. अरब, बेने इस्राएल, गुजराती व्यापारी व कोंकणस्थ रयत येथें शेजारीं नांदली. पोर्तुगीज १५०५ सालीं आले. १७४० सालीं तहानें चौल मराठ्यांस मिळालें.

पोर्तुगिजांचें राज्य गेलें, परंतु गरीब ख्रिस्तजन खाडीपलीकडील कोरलईस राहिले. आपल्या बोलीस ते ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. तींतील शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मात्र मराठी. क्रियापद शेवटीं येतें. शाळा व उपासना मराठींत आल्यापासून ती मुलांच्या मुखीं कमी होत चालली असून, बोलणारे हजाराच्या आसपासच उरले आहेत.

प्रार्थना मायबोलींत करावी, असें आपण मराठी ख्रिस्तजन अभिमानानें सांगतों. मग आपल्याच मराठीच्या छायेंत एक धाकटी बोली कोमेजूं नये, ही काळजीहि आपलीच नव्हे काय? कोरलईच्या मातेनें लेंकरास ‘नॉ लिंग’मध्यें क्रूसाची खूण शिकविली, तर मराठीचें कांहींच उणें होणार नाहीं.