छाट कोण ठरवणार?

आजचा भाग मेंदूवर आहे, पण सुरुवात बिडीपासून करतो. आमच्या गोंदियात बिडी म्हणजे घराघरातला धंदा. माझी आजी तेंदूपत्ता कातरून बिड्या वळायची आणि संध्याकाळी टोपली घेऊन सट्टेदाराकडे जायची. तो बंडलं उलटसुलट करून काही बिड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. १९६६च्या बिडी कामगार कायद्याखालच्या नियमांत शेवटी या छाटीलाही मर्यादा घालावी लागली, यावरून ओळखा.

आता केंब्रिज. सिडनी ब्रेनर यांनी एक मिलिमीटरचा किडा निवडला, सी. एलेगन्स. त्याच्यात चेतापेशी फक्त ३०२. निकोल थॉमसन यांनी किड्याचे अतिशय पातळ काप केले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो निघाले. संगणकाकडून पेशी जोडून घ्यायचा प्रयत्न झाला, पण तेव्हाचं यंत्र कमी पडलं. मग जॉन व्हाइट आणि आयलीन साउथगेट यांनी छापील फोटोंवर पेनाने, हाताने खुणा केल्या. हीच पेशी पुढच्या फोटोत कुठे गेली? मग त्याच्या पुढच्या? असं हजारो फोटोंवर, वर्षानुवर्षं. १९८६ साली नकाशा छापून आला.

मला खरी गंमत पुढची वाटते. तो नकाशा जगाने प्रमाण मानला. आणि २०११ मध्ये लव वार्ष्णेय, दिमित्री च्क्लोव्स्की वगैरे मंडळींनी जुन्या खुणा पुन्हा तपासून, नवे फोटो जोडून सुधारित नकाशा दिला. व्हाइट यांनी पेशींमधले विद्युत-जोड साधारण ६०० मोजले होते. नव्या यादीत ८९० आले. २०१९ मध्ये आणखी एका गटाने तेच जुने फोटो परत वाचले. म्हणजे फोटो तेच, वाचणारा बदलला की उत्तर बदलतं. याने व्हाइट-साउथगेट लहान होत नाहीत. त्यांनी खुणा जपून ठेवल्या म्हणूनच तर चूक सापडली.

हे सगळं मी का वाचलं? एका कंपनीसाठी मी घरूनच पेशींच्या चित्रांची तपासणी करत होतो. मुलं-मुली पडद्यावर पेशीची कड आखायची, मी 'बरोबर' नाहीतर 'नामंजूर' दाबायचो. नामंजूर चित्राचे पैसे नाहीत. दोन पेशी एक केल्या की नामंजूर, एकीच्या दोन केल्या की नामंजूर. तिरोड्याची एक मुलगी रोज विचारायची, "सर, हिच्यात चुकलं काय?" मी नमुना-चित्र पाठवून द्यायचो.

एका रात्री तोच नमुना मोठा करून पाहिला. कड धूसर होती. तिथे एक पेशी की दोन, हे मलाच सांगता येईना. तिची रेघ उलट जास्त पटत होती.

२०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा १,३९,२५५ पेशींचा नकाशा आला. संगणकाने आखलेलं माणसांनी तपासायला मिळून ३३ माणूस-वर्षं लागली म्हणे. त्यात कोणी कुठे दुरुस्ती केली याची नोंद राहते. आमच्याकडे नामंजूर करायला एक बटण होतं. कारण लिहायला जागाच नव्हती. तो रकाना मी दुसऱ्या दिवशी टूलमध्ये घातला, आणि तिची सतरा चित्रं परत मंजूर करायला वर पाठवली. अकरांचे पैसे आले. सहा अजून अडकलेली आहेत.